नाव बदललेल्यांची वही

‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हटलं की डोळ्यांसमोर बोगदा येतो. प्रत्यक्षात तिथे रूळ नव्हते की इंजिन नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून पळालेल्या गुलामांना उत्तरेत किंवा कॅनडात पोचवणाऱ्या माणसांचं ते गुप्त जाळं होतं. रात्री चालायचं, दिवसा कुणाच्या तरी माळ्यावर नाहीतर कोठारात दडायचं. आसरा देणारं घर म्हणजे ‘स्टेशन’, वाट दाखवणारा ‘कंडक्टर’. हॅरिएट टबमन ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध कंडक्टर. १८४९ मध्ये ती स्वतः मेरीलँडमधून पळाली, आणि मग सुमारे १३ वेळा परत जाऊन तिने जवळपास ७० जणांना बाहेर काढलं.

अशा कामाचा पहिला नियम कुणालाही सुचेल: काही लिहून ठेवायचं नाही. फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात आपण नेमके कसे पळालो हे मुद्दाम सांगितलं नाही. या कामाचा गाजावाजा करणाऱ्यांवर तो चिडला होता. त्याने मालक सावध होतात आणि मागे राहिलेल्यांची वाट बंद होते, असं त्याचं म्हणणं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आम्हालाही हेच शिकवतात. जो डेटा साठवलाच नाही, तो चोरीला जात नाही.

तरीही फिलाडेल्फियात एक माणूस सगळं लिहून ठेवत होता. विल्यम स्टिल. गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत १८४७ पासून कारकून. त्याचे आईवडील एकेकाळी मेरीलँडमध्ये गुलाम होते. वडिलांनी स्वतःची सुटका विकत घेतली. आई दोन मुलींना घेऊन पळाली, पण लेव्हिन आणि पीटर हे दोन मुलगे मागेच राहिले. मालकाने त्यांना दूर दक्षिणेत विकून टाकलं. विल्यमचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८२१ मध्ये, न्यू जर्सीत झाला.

ऑगस्ट १८५० मध्ये अलाबामाहून आलेला एक मध्यमवयीन माणूस त्या कचेरीत आला. पै पै साठवून त्याने स्वतःला सोडवून घेतलं होतं, आणि लहानपणी तुटलेल्या आईवडिलांना तो शोधत होता. स्टिल त्याला नेहमीसारखी माहिती विचारू लागला. आईचं नाव? सिडनी. वडिलांचं? लेव्हिन. स्टिलच्या लक्षात आलं, समोर आपला सख्खा भाऊ पीटर बसला आहे. दुसरा भाऊ गुलामगिरीतच मेला होता. आई मात्र जिवंत होती, आणि चाळीसहून जास्त वर्षांनी मायलेकरांची भेट झाली.

पीटरला आई एकट्याने का सापडली नसती? पळाल्यावर तिने सिडनी हे नाव टाकून चॅरिटी हे नाव घेतलं होतं. जिवाच्या भीतीने पळालेले असेच नाव बदलत. जे नाव पकडणाऱ्यांना चकवतं, तेच नाव पोटच्या मुलालाही चकवतं.

म्हणून स्टिलने नोंदी जपल्या. जुनं नाव, नवं नाव, वय, कुठून आला, मालक कोण, मागे कोण राहिलं. १८५२ पासूनच्या चारपाच वर्षांच्या त्याच्या वहीत शेकडो माणसं आहेत. यात धोका केवढा होता? पीटर आला त्याच्या पुढच्याच महिन्यात नवा कायदा झाला. पळालेल्याला मदत केली तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्या माणसाला गुलाम ठरवलं तर अधिकाऱ्याला १० डॉलर, सोडून दिलं तर ५. त्या काळात ही वही चुकीच्या हाती लागली असती, तर शेकडोंचा ठावठिकाणाच मिळाला असता. पुढे स्टिलने आपले कागद लेबनन स्मशानभूमीच्या इमारतीत लपवले.

यादवी युद्ध संपलं, १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने गेली, आणि १८७२ मध्ये स्टिलने या नोंदींचं जाडजूड पुस्तक छापलं. पुढच्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्या लोकांत एक कारकूनही होता, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

डग्लसचं चुकलं नव्हतं. पण फक्त त्याचाच नियम सगळ्यांनी पाळला असता, तर माणसं सुटली असती आणि एकमेकांना कायमची हरवली असती. मालकांच्या हिशेबात या माणसांची किंमत लिहिलेली असे. स्टिलच्या वहीत त्यांच्या आईचं नाव आहे.