काळी आहे म्हणून काय झाले?

मराठवाड्याच्या शेतीविषयी एक वाक्य पुढाऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी असते: जमीन काळी कसदार आहे, नाही ते फक्त पाणी, पाणी आणा, सोने पिकेल. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे राज्यभर माहीत झाले, मातीमुळे नव्हे. पण गोदाकाठच्या या पट्ट्यात कापूस, ऊस आणि मोसंबी एकमेकांच्या बांधाला बांध लावून उभी असतात, आणि ते वाक्य तपासून पाहायला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही.

पूर्वपक्ष कमजोर नाही. बेसॉल्ट झिजून झालेली ही चिकण माती ओल धरून ठेवते. पावसाळा सरल्यावर रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलीवर उभी राहते, तुरीचे सोटमूळ खोल जाते. चुना, मॅग्नेशियम, पालाश यांचा साठाही बरा असतो. इथपर्यंत मान्य.

मात्र काळेपणा म्हणजे कस हे मान्य नाही. काळा रंग पाहून माणूस शेणखताची, कुजलेल्या पाल्याची आठवण काढतो. प्रत्यक्षात या जमिनींत सेंद्रिय कर्ब अनेकदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. थोडासा सेंद्रिय अंश चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगून बसतो आणि सगळी माती काळी दिसते. नत्र कमी, जस्त कमी. लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळांच्या हाती लागत नाही.

ही शंका काही आजची नाही. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीची पद्धत विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या अहवालात पक्की झाली. पुढे निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीवर मोजणी झाली. त्या वर्गवारीत काळ्या जमिनीला पहिली पायरी होती, पण सोळा आणे मिळायचे ते मातीची खोली पावणेदोन हात भरली तर. खोली कमी झाली की आणे उतरायचे. वर दोष वेगळे मोजायचे: चुनखडीचे खडे, पाणी न मुरणे, अंगावर पाणी साचणे, उतार. प्रत्येक दोषाला एक पायरी कमी. सारा ठरवायला आलेला कारकून खड्डा खणून पाहत होता. आपण, ज्यांचे पोट त्या जमिनीवर, वरून रंग पाहून दर ठरवतो.

आता मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला संशोधन केंद्र आहे, आणि शिफारस जुनीच आहे: मध्यम पोताची, निचऱ्याची, चुनखडी दहा टक्क्यांच्या आतली जमीन. तरी ‘भारी रान आहे, बाग जोरात येईल’ म्हणून काळ्या खोल रानात खड्डे घेतले जातात. पावसात ही माती फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात, मुळांचा श्वास कोंडतो. मग मूळकूज, बुंध्यावर डिंक्या. पाने पिवळी पडली की झाड उपाशी आहे असे समजून आणखी खताची पोती ओतली जातात, आणि झाड बिचारे लोहासाठी तळमळत असते. बहारासाठी ताण द्यावा तर जमीन ओल सोडत नाही. याउलट दोन-अडीच फुटांखाली मुरूम लागणारे रान खरेदीच्या वेळी ‘हलके’ म्हणून पाडून मागतात. पाण्याची सोय असेल तर मोसंबीला तेच मानवते.

हलके चांगले नि भारी वाईट, असा उलटा सिद्धांत मात्र मला मांडायचा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तोडाव्या लागल्या. ओल संपते ती हलक्या रानात आधी. जमीन चांगली की वाईट, हे कशासाठी ते विचारल्याशिवाय सांगता येत नाही, एवढाच माझा पक्ष आहे. पूर्वपक्ष नेमका तोच प्रश्न गाळतो.

राहिला ‘पाणी आणा’चा भाग. जायकवाडीचे पाणी १९७६ पासून आहे. २०८ किलोमीटरचा डावा कालवा याच तालुक्यातून पुढे जातो. कोरडवाहूत जो गुण होता, ओल न सोडण्याचा, तोच मोकाट पाण्यावरच्या उसात दोष होतो. पाटपाणी खाली निघून जात नाही, पातळी वर येते, क्षार पृष्ठभागावर फुटतात. सोडियम वाढला की रान चोपण. हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत हॅरल्ड मान व ताम्हणे या शेतीशास्त्रज्ञांना त्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. पाणी आले होते, चर आले नव्हते.

यावर उत्तर मिळते की आता मृदा आरोग्य पत्रिका आहे. २०१५ पासून आहे, आणि उपयोगाचीही आहे. पण तिच्यावरच्या बारा तपासण्यांत सामू, क्षारता, कर्ब आणि अन्नद्रव्ये येतात. खोली नाही, निचरा नाही, मुक्त चुना नाही. बागायतात नमुना अडीच हेक्टरच्या चौकोनातून घेतलेला, तोही वरच्या थराचा. झाडाची मुळे तीन फुटांवर काय सोसतात ते तिला विचारून उपयोग नाही. फळबागेसाठी तीन फूट खड्डा घेऊन फुटा-फुटाचा वेगळा नमुना द्यावा लागतो, आणि चुन्याची तपासणी तोंडाने मागून घ्यावी लागते. खड्ड्याच्या भिंतीवर पांढरे खडे कुठून सुरू होतात, हे पाहायला तर प्रयोगशाळाही लागत नाही.

तीच गोष्ट तलावातल्या गाळाची. २०१७ च्या गाळमुक्त धरण योजनेपासून गाळ म्हणजे अमृत असा समज पसरला आहे. बरडावर, मुरमाड माळावर तो खरोखर तसा आहे. पण आधीच साठ टक्के चिकण असलेल्या रानात ट्रॉल्यांवर ट्रॉल्या गाळ टाकणारा शेतकरी स्वतःच्या डिझेलने स्वतःचा निचरा बुजवतो.