एकट्या गजाची वाट

एकच वादक, एकच चेलो, हातात गज आणि आधी लिहून ठेवलेले काहीच नाही. असे एकलवादन आज जगभर ऐकायला मिळते. त्यात धृपदाची आलापी येते, जॅझ येतो, तारा सोडून लाकडावर धरलेला ठेकाही येतो. रसिक याला धाडसी, नवे म्हणतात. त्याचा माग काढत आपण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जाऊ, पण आधी देवगिरीवरून.

तेराव्या शतकात, देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात गजाने वाजणाऱ्या पिनाकी वीणेचे वर्णन आहे. क्रेमोनाच्या आंद्रेआ आमातीचे चेलो त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी आले. यादवांचा दरबार गेला, पिनाकीही मागे पडली, पण गज दरबाराबाहेर फिरत राहिला. गोंडवनात तो गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधानांच्या हाती दिसतो. त्यांची तीन तारांची किंगरी, नर्मदेकडचा बाना, हे नुसते साथीचे वाद्य नव्हे. रुसून ऐनाच्या झाडात गेलेला बडादेव गोंड भावांतल्या धाकट्याने बाना वाजवल्यावर प्रसन्न झाला, अशी त्यांची कथा आहे. परधान यजमानाच्या दारी बसे, घर चार देवांचे की सात देवांचे हे पाहून त्या कुळाची कथा लावी आणि गाता गाताच गज ओढी. 1751 मध्ये चांद्याचे (आजच्या चंद्रपूरचे) गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. परधानाचे यजमान गुड्यागुड्यांत पसरलेले होते, त्यामुळे राजवाडा गेल्याने किंगरी थांबली नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून उतरवून घेतलेले गोंडांच्या पुराणपुरुष लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी छापले. छापताना शब्द आले, सूर कागदावर आलाच नाही. 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ आदिलाबादच्या राजगोंडांत राहिले. तेथले परधान घरी मराठी बोलत आणि कथा मात्र गोंडीत गात, असे त्यांनी नोंदवले. तेव्हा आपला, आज चंद्रपुरात असलेला, राजुरा तालुका त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. दोन भाषांत वावरणाऱ्या या वादकापुढे आजचे ‘सीमा ओलांडणे’ मला तरी फार अपूर्व वाटत नाही.

चेलोला एकटे बसायला मात्र वेळ लागला. बाखने 1720 च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा सुइट लिहिले, पण ते बराच काळ सरावाचे धडेच मानले गेले. 1890 मध्ये बार्सिलोनाच्या एका दुकानात तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला त्यांची जुनी प्रत सापडली, आणि 1936 ते 1939 या काळात त्याने ते ध्वनिमुद्रित केले. पुढे अमेरिकेत चेलोवादक अब्दुल वदूदने 1977 मध्ये ‘बाय मायसेल्फ’ ही ध्वनिमुद्रिका काढून उत्स्फूर्त रचनेचे एकलवादन चेलोवर रुजवले. मुंबईत चेलो सिनेमाच्या वाद्यवृंदात होताच. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती मूळचे चेलोवादकच. पण तिथे तो गर्दीत वाजे. रागसंगीतासाठी त्याला वेगळे काढले ते बाहेरून आलेल्या दोघींनी. नॅन्सी लेश या झिया मोहिउद्दीन डागरांकडे धृपद शिकल्या. हॉलंडच्या सास्किया राव-द हास हरिप्रसाद चौरसियांकडे शिकल्या; त्यांनी चेलो लहान करून त्याला पाचवी तार आणि दहा तरफा जोडल्या, जमिनीवर बसून वाजवता यावा म्हणून.

किंगरी आणि चेलो यांची वंशावळ एक आहे, असा दावा मी करत नाही. दोन्हीकडे गज आहे, एकटा वादक आहे आणि समोरची बैठक पाहून वाजवण्याची रीत आहे, एवढे खरे. म्हणून चंद्रपूरच्या आयोजकांना एक विनंती: प्रियदर्शिनी सभागृहात कधी चेलोचे एकलवादन ठेवाल, तेव्हा राजुरा-जिवतीकडच्या एखाद्या परधान वादकाला आधी बोलवा आणि बिदागी दोघांना सारखीच द्या.