पॅरिसच्या वेशीवरचं कलकत्ता

पायऱ्या जपून चढा. साल १९७४ आहे आणि पॅरिसलगतच्या बुलोन्यमधला हा रॉथ्सचाइल्डांचा प्रासाद महायुद्धापासून ओसाड आहे. समोर कॅमेऱ्यामागे ब्रुनो नुइतेन. शेजारी जाड चष्मा लावलेल्या, बुटक्या, साठीच्या बाई: मार्गरीत द्युरास. आपल्या कादंबऱ्यांवर इतरांनी काढलेले सिनेमे पटेनात, म्हणून बाईंनी स्वतःच दिग्दर्शन हाती घेतलं. आज चित्रण चाललंय ‘इंडिया साँग’चं.

बोलायचं असेल तर बोला, काही बिघडत नाही. संवाद आधीच ध्वनिमुद्रित झालेत. ते ऐकत अभिनेत्री देल्फीन सेरिग संथ पावलं टाकते, पण तिचे ओठ मिटलेलेच. कथेत हा कलकत्त्यातला फ्रेंच वकिलातीचा परिसर, साल १९३७. तुमच्या कपाळाला आठी पडली ना? तेव्हा राजधानी दिल्ली होती, आणि इंग्रजांच्या अमलाखालच्या देशात फ्रेंच राजदूत आला कुठून? बाईंना त्याची फिकीर नाही. लाहोर, कलकत्ता, गंगा ही नावं त्यांनी नादासाठी घेतलीत. मला हे सुरुवातीला खटकलं होतं. पण तेवढ्यात ध्वनिफितीवर एक भिकारीण ओरडते, लाओसमधल्या सावनाखेतहून चालत कलकत्त्यापर्यंत आलेली.

तिच्या मागोमाग उलटं चाला, म्हणजे मेकाँगकाठी पोहोचाल. सायगावजवळ १९१४ साली जन्मलेली दोनादिय्यू घराण्यातली मुलगी म्हणजेच आपल्या द्युरासबाई. वडील लवकर गेले. शिक्षिका असलेल्या आईने साठवलेला सगळा पैसा कंबोडियातल्या जमिनीत घातला, आणि दर वर्षी समुद्राचं खारं पाणी पिकात शिरलं. त्यावरची कादंबरी १९५० साली आली. एका भिकारणीने आपलं तान्हं मूल बाईंच्या आईच्या हाती सोपवलं होतं, ही आठवणही बाईंनी पुढे सांगितली आहे. त्यांच्या कलकत्त्यात गंगेपेक्षा मेकाँगचंच पाणी जास्त, असं मला वाटतं.

बाईंची ‘द लव्हर’ ही कादंबरी आणि तिला मिळालेला गाँकूर पुरस्कार यांना अजून दहा वर्षं आहेत. तिथवर थांबू नका. फक्त दोन वर्षं पुढे, याच पायऱ्यांवर या. नुइतेन पुन्हा आलेत, पण नटमंडळी जवळपास नाहीतच. कॅमेरा फुटक्या काचांवरून, पोपडे धरलेल्या भिंतींवरून फिरतोय. या नव्या सिनेमाला बाईंनी ध्वनिफीत मात्र जुनीच लावली: ‘इंडिया साँग’ची, जशीच्या तशी.