इंजिन शाबूत, उजेड आजारी

आमच्या मराठवाड्यातल्या उजेडाचा इतिहास केवळ विजेच्या खांबांवरून सांगता येणार नाही. त्यात इंजिनाची धडधडही ऐकावी लागेल. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली चाचणीत यशस्वी ठरले. आपल्याकडे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी पुण्यात निघाली आणि पुढे विहिरीवरची मोट सुटून तिथे इंजिन बसले.

१९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखात वीज तशी उशिराच आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, मग हळूहळू खांब उभे राहिले. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले, डाव्या कालव्याचे पाणी अंबड तालुक्यात खेळले. ऊस वाढला, मोटारी वाढल्या, विजेची भूकही वाढली. या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमन आले आणि खेडी रोज कित्येक तास अंधारात राहू लागली. अडगळीतली इंजिने तेव्हा पुन्हा बाहेर निघाली. त्यांना डायनॅमो जोडून गिरणी, लग्नाचा मांडव, उरूस, सप्ता यांची सोय झाली. धुळे-सोलापूर हमरस्त्यावरच्या वडीगोद्रीसारख्या गावात तर हॉटेले आणि गॅरेजेही या जनरेटरवर चालत.

या इतिहासात मिस्त्री मात्र कुठे दिसत नाही. जुना जनरेटर साफ बंद पडला, तर दोष लवकर सापडतो. खरा छळ होतो तो मधूनच लुकलुकणाऱ्या दिव्यांचा. कव्वाली रंगात आली की दिवे मंद होतात आणि मिस्त्री येईपर्यंत पुन्हा लख्ख!

जाणता मिस्त्री आधी पान्याला हात लावत नाही, तो कान देतो. मी कविता लिहिणारा माणूस. ओळीत एक मात्रा कमी पडली की ती कानाला खटकते, तसेच हे आहे. इंजिनाचा आवाज आणि उजेड दोन्ही एकदम दबले, तर भार जास्त आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे. आवाज तसाच राहिला किंवा उलट हलका झाला आणि उजेड तेवढा गेला, तर दोष विजेच्या बाजूचा. कार्बन झिजलेले असतात, त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडतात, कड्यांवर काजळी धरते. कधी एखादा सांधा तापल्यावर सुटतो आणि थंड झाला की पुन्हा जुळतो. म्हणून मिस्त्री इंजिन नेहमीच्या भारावर तापू देतो. मग आधी जनरेटरपाशी, नंतर मेन स्विचपाशी, शेवटी मांडवात दाब मोजतो. एका ठिकाणी दाब बरोबर आणि पुढच्या ठिकाणी कमी, म्हणजे दोष त्या दोहोंच्या मध्ये. इंजिन बंद करूनच तो सांधा उघडतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. चार सुटे भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

हे ज्ञान केवळ सोयीचे नाही, त्यात जिवाचा प्रश्न आहे. तीन फेजच्या जनरेटरची न्यूट्रल तार ढिली झाली, तर २३० व्होल्टच्या दिव्यावर ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. दिवे फुटतात, वायरी जळतात. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडणे. ती वीज उलटी डीपीत शिरते आणि तिथून ११ हजार व्होल्टची होऊन लाईनवर जाते. लाईन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. त्या बिचाऱ्याचा त्यात काय गुन्हा?

आता जुनी इंजिने भंगारात निघतात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळते आणि त्याच्या सळ्या होतात. लोखंड असे पुन्हा कामाला येते. मिस्त्रीच्या कानातली विद्या मात्र त्याच्याबरोबरच जाते. आमच्याकडे संतांचे अभंग लोकांनी वह्यांत उतरवून जपले. आयटीआयच्या मुलांनी आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीपाशी चार संध्याकाळ बसून त्याचे बोलणे उतरवून घेतले, तर तोही आपल्या उजेडाचा इतिहासच होईल.