न गायलेला हंगाम

वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण उमेदवारीच्या काळातला एक अशील अजून लक्षात आहे. गृहस्थांचा बारावीचा क्लास होता. फिजिक्सच्या सरांशी त्यांनी दोन वर्षांचा करार केलेला. मार्चमध्ये बॅच भरली आणि एप्रिलमध्ये सर पलीकडच्या गल्लीतल्या क्लासमध्ये शिकवू लागले. तिथल्या फलकावर त्यांचा फोटोही झळकला. गंमत म्हणजे अशिलाचा सरांवर फारसा राग नव्हता. "पोरगा तरुण आहे, पैसे जास्त मिळाले, गेला. पण त्या दुसऱ्याला करार माहीत होता की नाही? माझा माणूस फोडलाय त्यानं. केस त्याच्यावर करा."

आमच्या सरांनी, म्हणजे सीनियर वकिलांनी, मला लायब्ररीत पाठवलं. "लमली विरुद्ध गाय काढ." आमच्याकडे सगळे 'गाय' असाच उच्चार करायचे, आणि लॉ कॉलेजात या नावावर एकदा तरी हशा पिकायचाच. परीक्षेपुरता तो खटला मला पाठ होता. त्यामागची हकीकत मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदा वाचली.

अडचण साधी आहे. करार दोघांत होतो आणि त्या दोघांनाच बांधतो. मग तिसऱ्यावर दावा कशाच्या जोरावर लावायचा? त्याने कोणतंच वचन दिलेलं नाही, त्यामुळे मोडलेलंही नाही. त्याला धरायचं तर त्याचं वागणंच स्वतंत्र अपकृत्य ठरवावं लागतं. जाणूनबुजून केलेल्या अपकृत्यांत मारहाण, फसवणूक, अब्रुनुकसानी ही मंडळी जुनी. 'दुसऱ्याला करार मोडायला लावणं' हे त्यांत आलं ते लंडनच्या ऑपेरामुळे.

१८५२ साली लंडनमध्ये इटालियन ऑपेराची दोन नाट्यगृहं एकमेकांच्या जिवावर उठली होती. हेमार्केटमधलं 'हर मॅजेस्टीज थिएटर' बेंजामिन लमली चालवत होता आणि कोव्हेंट गार्डन फ्रेडरिक गायच्या हाती होतं. पाच वर्षांपूर्वी लमलीकडचे नामवंत गायक आणि त्याचा संगीत संचालक मायकेल कॉस्टा बाहेर पडले होते आणि त्यांनीच कोव्हेंट गार्डनला दुसरा ऑपेरा उभा केला होता. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांच्या फाटाफुटी ऐकलेल्या माणसाला हे वातावरण वेगळं समजावून सांगायला नको.

लमलीने बर्लिनच्या योहाना वाग्नरशी करार केला. ती संगीतकार रिचर्ड वाग्नरची पुतणी. १ एप्रिल १८५२ पासून तीन महिने, आठवड्यातून किमान दोन रात्री गायचं, आठवड्याला १०० पौंड, आणि लमलीच्या परवानगीशिवाय दुसरीकडे कुठेही गायचं नाही, असं ठरलं. मग गायने जास्त पैसे देऊ केले. योहाना आणि तिचे वडील आल्बर्ट यांनी मन बदललं. लमलीकडून यायची आगाऊ रक्कम वेळेवर आली नाही, तेव्हा करार संपलाच, असं त्यांचं म्हणणं.

लमली मुळात सॉलिसिटर. तो आधी मनाई हुकूम मागायला गेला. लॉर्ड चॅन्सलर सेंट लिओनार्ड्स यांनी मेमध्ये दिलेला निर्णय आजही शिकवला जातो. वाग्नरबाईंना लमलीकडे गायला लावणं कोर्टाच्या हातात नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून त्यांना अडवणं नक्कीच आहे. परिणाम असा की त्या हंगामात योहाना वाग्नर लंडनमध्ये कुठेच गायली नाही.

मग लमलीने गायवर नुकसानभरपाईचा दावा लावला. आमच्या अशिलाच्या भाषेत, फोडणाऱ्यावर.

गायच्या वकिलांचा बचाव असा होता की लमली म्हणतो ते सगळं खरं धरलं तरी दावा उभाच राहत नाही. म्हणजे साक्षीपुरावे बाजूला, आधी फक्त कायद्याचा प्रश्न. नोकर फोडला तर मालकाला दाद मागता येते, हे इंग्लिश कायद्यात जुनंच होतं. त्याला बळ मिळालं होतं ते १३५१ च्या मजूर कायद्याने. प्लेगच्या महामारीत माणसं मेली, मजूर दुर्मिळ झाले, मजुरी वाढली. तेव्हा मजुरांना जुन्या दरात जुन्याच मालकाकडे बांधून ठेवायला तो कायदा केला होता. आता प्रश्न असा की ऑपेराची गायिका या अर्थाने 'नोकर' आहे का?

१८५३ मध्ये तीन न्यायमूर्तींनी (क्रॉम्प्टन, अर्ल आणि वाइटमन) लमलीच्या बाजूने कौल दिला. करार असल्याचं माहीत असूनही दुष्ट हेतूने तो मोडायला लावणारा जबाबदार आहे, मग करार शेतमजुराचा असो की गायिकेचा. चौथे, कवी कोलरिजचे पुतणे जॉन टेलर कोलरिज, एकटेच विरोधात गेले. त्यांचं म्हणणं, हा नियम मजूर कायद्यातून आलेला अपवाद आहे, तो शेतमजूर आणि घरगड्यांपुरताच ठेवा. नाटकातली कलावंत त्यात बसत नाही. तिने करार मोडला तर तिच्यावर दावा करा.

निवाडा म्हणून बहुमत जिंकलं आणि जगभर पसरलं. तरी मला अजून कोलरिजचं मत जास्त जवळचं वाटतं. 'माझा माणूस फोडला' या वाक्यातल्या 'माझा'ला बहुमताने कायद्याचा शिक्का दिला. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ते स्वतःहून गेले, पण त्यांच्यामागे कोणी पैसेवाला असता, तर त्याला कोर्टात खेचायला हाच निवाडा पुढे आला असता.

अर्थात बहुमताचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. गायिकेकडून वसूल होणार किती? सगळा फायदा उचलणारा तर पलीकडे मोकळा बसलेला असतो.

लमलीला हे कोणी सांगायची गरज नव्हती. १८४७ चा त्याचा गाजलेला हंगाम जेनी लिंडच्या जोरावर झाला होता. आणि लिंडने त्याआधी ड्रूरी लेन थिएटरच्या आल्फ्रेड बनशी करार केलेला होता! दावा झाला तर पैसे मी भरीन, अशी हमी देऊन लमलीने तिला आपल्याकडे आणलं. बनने १८४८ मध्ये लिंडवर दावा जिंकला आणि ज्यूरीने त्याला २,५०० पौंड दिले. बनने लमलीवरही दावा करावा असं तेव्हा कोणाला सुचलं नसावं. पाच वर्षांनी स्वतः लमलीच्या खटल्यातून तो रस्ता तयार झाला.

आणि त्या रस्त्याने लमली स्वतः पोहोचला नाही. १८५४ मध्ये पुरावे ज्यूरीपुढे आले, तेव्हा करार आता बंधनकारक उरलेला नाही अशी गायची प्रामाणिक समजूत होती, हे ज्यूरीला पटलं. हेतू दुष्ट नाही, म्हणून भरपाई नाही. पुढच्या पिढ्यांनी ज्याचं नाव घेऊन लाखोंच्या भरपाया मागितल्या, त्या वादीला एक पेनीसुद्धा मिळाली नाही. त्याचं थिएटर तर १८५२ नंतर बंदच पडलं होतं. १८५६ च्या मार्चमध्ये कोव्हेंट गार्डन जळून खाक झालं, लमलीने आपलं थिएटर पुन्हा उघडलं, आणि त्या हंगामात तिथे गायला आली ती योहाना वाग्नर.

आपल्याकडे अपकृत्यांचा एकत्रित कायदा अजूनही नाही, त्यामुळे कोर्टं या इंग्लिश निवाड्यांचाच आधार घेतात. गायिकेच्या मनाई हुकमाचा वारसा तर थेट कल्याणपर्यंत आला. तिथल्या टायर कॉर्डच्या कारखान्यातला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्ध्यात टाकून कोट्याच्या कंपनीत गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरचा मनाई हुकूम कायम केला. तिथेही दावा होता तो जाणाऱ्या माणसावरच.

मी एवढं सगळं टिपून सीनियरांपुढे ठेवलं. त्यांनी चाळलं, आणि अशील आले तेव्हा एकच विचारलं. "सरांचे पगार वेळेवर होत होते ना?"

गृहस्थ जरा घुटमळले. जानेवारी-फेब्रुवारीचं थोडं मागेपुढे झालं होतं, म्हणाले, बॅचच्या फिया यायच्या होत्या.

"आणि हे त्या समोरच्याला सरांनी सांगितलं असेल?"

"सांगितलं असेलच की."

सीनियरांनी फाईल मिटली आणि मला चहा सांगायला पाठवलं.