सातपायरीचा उतार आणि जुनी जीप

तोरणमाळ सुमारे 1,150 मीटर उंचीवर. तिथून शहाद्याकडच्या सपाटीवर यायचं तर सातपायरी घाटाची वळणं उतरावी लागतात. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेची गर्दी याच वाटेनं येते-जाते. जुन्या गाडीची खरी परीक्षा चढात नाही, उतारात!

महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. डोंगराळ मुलखात ती चांगलीच रुळली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पण मास्टर सिलिंडरमधून निघणारी तेलवाट एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत 1968 पासून नव्या मोटारींना दुहेरी वाट सक्तीची झाली, ती याच भीतीपोटी.

दोष पायालाच आधी कळतो. पॅडल स्पंजासारखं दबलं तर तेलात हवा. मग एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निपल सैल करायचं. बुडबुडे थांबून तेलाची सलग धार लागली की ते आवळायचं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर लायनरवर तेल किंवा ग्रीस उतरलंय का ते पाहायचं.

घाटात मात्र सकाळी ठणठणीत असलेला ब्रेकही दगा देतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं: डॉट 3 प्रतीचं नवं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावलेलं 140च्या आसपासही उकळू शकतं. वाफ झाली की पॅडल थेट तळाला. म्हणून जाणता ड्रायव्हर घाटमाथ्यावरच खालचा गियर टाकतो.