हुकूम कोणी द्यायचा?

लढाऊ विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वैमानिक उभा राहतो. पण त्याची झेप सुरू होते ती दिल्लीतल्या एका टेबलापासून. वर्गात मुले मला विचारतात, "गुरुजी, मंत्र्याला विमान चालवता येतं का?" नाही येत, असे सांगून मी त्यांना दोन सालांची हकिकत ऐकवतो.

पहिले १९६२. चिनी फौजा नेफात आणि लडाखात घुसल्या, तेव्हा आपल्याजवळ हंटर आणि कॅनबेरा विमाने होती. त्यांना हल्ल्याचा हुकूम मिळालाच नाही. चीन उलट कलकत्त्यावर बाँब टाकील, ही धास्ती! मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे तेवढी डोंगरांत शिधा टाकीत, जखमी उचलीत राबली. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून दिल्लीला गेले.

दुसरे १९६५. १ सप्टेंबरच्या पहाटे पाकिस्तानच्या तोफा छांबवर धडाडल्या आणि मागोमाग पॅटन रणगाडे आले. रोख अखनूरच्या पुलावर. तो गेला की जम्मूहून राजौरी-पूंछकडची वाट तुटली! दुपार कलल्यावर जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांपुढे आले. विमाने सोडायची म्हणजे चकमकीचे युद्ध करायचे. हा निर्णय मंत्रिमंडळाच्या समितीचा. पण समिती जमेपर्यंत सूर्य मावळणार, आणि अंधारात त्या विमानांचा उपयोग शून्य. यशवंतरावांनी समितीची वाट पाहिली नाही. काही मिनिटांत त्यांनी होकार दिला.

तासाभराच्या आत पठाणकोटहून व्हँपायर विमाने उडाली, त्यांच्यामागून मिस्टेर. व्हँपायर म्हणजे अगदी जुने यंत्र. वैमानिक बसतो तो पुढचा भाग चक्क प्लायवुडचा! त्या संध्याकाळी चार व्हँपायर पडली. पुढे ती आघाडीवरून काढून घेतली गेली.

यशवंतरावांच्या धडाडीचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले, आणि ते योग्यच आहे. परंतु कौतुक करणारे त्या चार विमानांचा उल्लेख गाळतात, हे मला पटत नाही. होकार देणाऱ्याने तो भारही त्याच संध्याकाळी उचलला होता.

६ सप्टेंबरला आपल्या फौजा लाहोरच्या रोखाने सरहद्द ओलांडून गेल्या. अखनूरचा पूल आपल्याच हाती राहिला.